कांजीच्या कापडावर पाणी

अनघा, केतुतच्या चित्राचा डावा कोपरा माझ्या हातून बिघडला, हे दोघींनाच माहीत होतं. त्यातली एक तू. मागच्या महिन्यात तू गेलीस आणि मी एकटी उरले.

शारजातल्या आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर दोन पानं लिही असं मला सांगितलं, तेव्हा मी आधी नाही म्हटलं. तुझ्याबद्दल गोड लिहायला शाळेतल्या बाया आहेत, तुझ्या हाताखाली चित्रकला शिकून आर्किटेक्ट झालेल्या मुली आहेत. मी फ्रेमवाली. पण त्यांच्यापैकी कोणाशी तू अकरा वर्षं भांडली नाहीस. माझ्याशी भांडलीस, आणि शेवटचं भांडण अर्ध्यावर टाकून गेलीस. ते पुरं करायला मीच उरले आहे.

पहिल्यांदा तू दुकानात आलीस ती काखेत गुंडाळी घेऊन. मला वाटलं, आणखी एक डिग्री सर्टिफिकेट. माझ्याकडे तेच येतं. सर्टिफिकेटं, कुराणातल्या आयती, लग्नाचे फोटो, रुवैसच्या तेल कंपनीतून रिटायर होणाऱ्यांना मिळालेली मानपत्रं. तू टेबलावर उलगडलंस, तर स्कूटरवर एक माणूस. त्याच्या पाठीवर अख्खं घर बांधलेलं, फ्रिज, टीव्ही, कोंबडा, म्हातारी आई, सगळं. तोंडाच्या जागी मुखवटा. मी विचारलं, कार्टून आहे का? तू स्टूल ओढून बसलीस ती तासभर उठली नाहीस.

इंडोनेशियात योगकर्ता नावाचं शहर आहे, तिथे चित्रकार गल्लोगल्ली राहतात, हे मला त्या दिवशी कळलं. चार-पाच जण मिळून एक घर भाड्याने घेतात. पुढच्या खोलीत प्रदर्शन, मागच्या खोलीत भात. त्यातले बरेचसे आधी रस्त्यावरच्या भिंती रंगवायचे, मग कॅनव्हासवर आले. म्हणून रेघ जाड, रंग भडक. आणि विनोद असा की हसून झाल्यावर लक्षात येतं, कोणाची तरी टर उडवलेली आहे, बहुतेक सरकारची, कधी कधी आपली. मी सगळं ऐकून घेतलं आणि सोनेरी मोल्डिंग लावू का, असं विचारलं. तू कपाळावर हात मारलास. मग बारीक काळी पट्टी ठरली. तुझं बरोबर होतं, पण ते मी तेव्हा कबूल केलं नाही.

लोक सुट्टीत गावी जातात. तू दर दोन वर्षांनी जावा नाहीतर बाली. तुझ्या सासूबाई म्हणायच्या, हिला सासरचा रस्ता सापडत नाही, पण समुद्रापारची बेटं बरोबर सापडतात. तू तिथून चित्रं आणायचीस, कधी विकत, कधी चार महिन्यांच्या बोलीवर, आणि हिवाळ्यात अल मजाजला तुझ्या बिल्डिंगखालच्या हॉलमध्ये लावायचीस. चौकटी माझ्या. भांडणं दोघींची.

जावातल्या बांडुंग शहरातून आणलेल्या त्या चित्रावरून आठ दिवस बोलणं बंद होतं, आठवतं? राखाडी आणि गेरूचे थरावर थर, वरून खरवडलेले, आणि त्यात अरबीसारख्या वळणांच्या ओळी. मला अरबी वाचता येतं. मी चष्मा लावून अर्धा तास वाचायचा प्रयत्न केला. एक अक्षर नव्हतं. मी तुला फोन केला की तुझ्या माणसाला लिहिता येत नाही. तू म्हणालीस, तो लिहीतच नाहीये, बांडुंगकडचे कितीतरी जण आकार सोलत सोलत नेतात, गोष्ट काढून टाकतात, माणूस काढून टाकतात, मग जे उरतं ते रंगवतात. याने अक्षरातून अर्थ काढून टाकला आणि वळण ठेवलं. मी म्हटलं, अर्थ काढून टाकलेली गोष्ट मी भिंतीवर का लावू? तू फोन ठेवलास. आठ दिवसांनी चित्र न्यायला आलीस, तेव्हा ते काउंटरमागे माझ्या खुर्चीसमोर लावलेलं होतं. आणखी चार दिवस राहू दे, एवढंच मी म्हटलं.

पण तुझा जीव खरा बालीच्या चित्रांवर. बातुआन गावची ती कागदावरची चित्रं, शाईचा एक हात वाळला की दुसरा, करत करत अंधार करत नेलेला, आणि त्या अंधारात बोट ठेवायला जागा नाही इतकी माणसं. मिरवणूक, भुतं, भाताची शेतं, आणि मधूनच मोबाइलवर फोटो काढणारा पर्यटक, लाटेवर फळी घेतलेला गोरा, स्कूटरच्या रांगा. शाळेतल्या मुलींना तू त्यात माणसं मोजायला लावायचीस. मी म्हटलं होतं, हे जुन्या चित्रात नवीन सामान कोंबणं झालं. तू म्हणालीस, जुनं-नवं ही आपली कपाटं आहेत, झरीना. त्या गावातल्या माणसाला मिरवणूक आणि स्कूटर एकाच रस्त्यावर दिसतात. याचं उत्तर मी अजून शोधते आहे.

केतुतचं कापड आलं तेव्हा तू हॉस्पिटलमध्ये होतीस.

केतुत आपल्याच वयाची. बालीतलंच कामासान हे तिचं गाव. तिथली चित्रं कागदावर नसतात, कॅनव्हासवर नसतात. साधं सुती कापड तांदळाच्या पिठाच्या खळीत बुडवतात, उन्हात वाळवतात आणि कवडीने घासघासून गुळगुळीत करतात. मग त्यावर रेघ. रेघ एकाची, रंग भरायला घरातलं दुसरं कोणी, शेवटची बारीक रेघ पुन्हा पहिल्याची. रंग दगडाचे, काजळीचे, हाडाच्या भुकटीचे. माणसं सगळी तिरप्या तोंडाची, चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळातल्यासारखी, आणि मधली मोकळी जागा ढगांच्या बारीक ठिपक्यांनी भरलेली. पिढ्यानपिढ्या त्यात राजे, राण्या आणि राक्षस. केतुतने त्याच पद्धतीने विमानतळ काढला. गल्फमध्ये घरकामाला निघालेल्या बायांची रांग, प्रत्येकीच्या हातात एक प्लास्टिकची फाईल, आणि मधे टेबलाशी बसलेला एजंट.

फोनवर तू मला डोळे बघायला सांगितलंस. त्या चित्रांत डोळ्यांवरून माणूस ओळखतात. राजघराण्यातल्यांचे अरुंद, लांबट. राक्षसांचे गोल, बटबटीत. मी पाहिलं. रांगेतल्या प्रत्येक बाईला केतुतने राणीचे डोळे दिले होते. एजंटला राक्षसाचे. मी एवढंच म्हटलं, बरोबर आहे. तू हसलीस आणि म्हणालीस की मी यायच्या आत त्याला हात लावू नकोस.

मी हात लावला.

पार्सल घडी घालून आलं होतं, कापडावर चौकोनी घड्या बसलेल्या. प्रदर्शन महिन्यावर आलेलं. तू केव्हा घरी येशील ते डॉक्टर सांगेनात. आणि मी हर्णैची. आमच्याकडे घरातले पांढरे कपडे पेजेच्या कांजीत बुडवायचे, आणि कांजीचं कापड कसं सरळ करायचं हे मला कोणी शिकवावं लागत नाही. पाणी शिंपडायचं, दोन मिनिटं मुरू द्यायचं, मग इस्त्री. कांजीवर पाणी न शिंपडता इस्त्री फिरवली म्हणून मी लहानपणी मार खाल्लेला आहे. मी तसंच पाणी शिंपडून खालच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. चार बोटं जागेवर इस्त्री फिरवली. इस्त्रीखालच्या सुती फडक्याला रंग लागला. उचलून पाहिलं तर रांगेतली शेवटची बाई, बॅगेवर बसलेली, तिला चेहरा नव्हता. खळ फुगून सुटली होती आणि तिच्याबरोबर काजळीची रेघही.

तुला घरी सोडलं त्या संध्याकाळी मी आले आणि बसायच्या आधी सांगितलं. तू विचारलंस, पाणी शिंपडलंस? मी हो म्हटलं. कांजीच्या कापडावर? मी म्हटलं, कांजीच्या कापडावरच शिंपडतात. तू इतकी हसलीस की ठसका लागला, आणि तुझ्या मुलीने, मिहिकाने, आतून येऊन मला डोळे दाखवले.

मग भांडण सुरू झालं, शेवटचं. माझं म्हणणं सरळ होतं. चित्राभोवती पुठ्ठ्याचा तीन इंची माउंट कापते, कोपरा त्याच्याखाली जातो, वर काच, खलास. केतुत उद्घाटनाला येणार, ती चित्राकडे बघेल की चौकटीखाली बोटं घालेल? तुझं म्हणणं, तिला सांगायला हवं.

"झाकता येतं म्हणून झाकायचं का?"

"माझा धंदा काय आहे, अनघा? पिवळी पडलेली कड, फाटलेला कागद, मोडलेली घडी, सगळं माउंटखाली जातं. लोक शुक्रिया म्हणतात."

"काय झाकलंय ते त्यांना माहीत असतं."

"कोपरा तर आहे. कोपऱ्याकडे कोण बघतं?"

"या चित्रात कोपरा नाहीये," तू म्हणालीस. "नीट बघ. मधे बसलेला एजंट आणि शेवटची बाई, दोघं एकाच मापाची आहेत."

मी घरी येऊन मापलं. अल नहदाच्या माझ्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर पसरून, पट्टीने. एकाच मापाची होती. तरी दुसऱ्या दिवशी मी माउंट कापला. तुला सांगितलं नाही. तू म्हणाली होतीस की केतुतला मी लिहीन, तू यात पडू नकोस. मी पडले नाही. नंतर तुला पुन्हा दाखल केलं, आणि मला भेटू दिलं त्या दिवशी तुझ्या तोंडावर मास्क होता. तू हात उचलून हवेत एक चौकोन काढलास. मला वाटलं, चित्राबद्दल विचारते आहेस. मी मान हलवली, सगळं ठीक आहे म्हणून. नक्की काय विचारत होतीस, ते मला आता कळायचं नाही.

तू गेल्यावर आठ दिवसांनी मिहिका दुकानात आली, तुझा फोन घेऊन. तू गेल्याचं केतुतला कोणीतरी कळवलं होतं. तिचं तिकीट झालेलं होतं, ती येणारच होती. मिहिकाने मला तुझा एक मेसेज दाखवला, लिहिलेला पण न पाठवलेला. इंग्रजीत होता. केतुत, मला माफ कर, तुझ्या कापडावर माझ्या हातून पाणी सांडलं, झरीनाने मला आधीच बजावलं होतं की याला हात लावू नकोस, मीच ऐकलं नाही.

मिहिका इथेच जन्मली, इथेच वाढली. मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते. तिने विचारलं, "मावशी, धिस इज नॉट ट्रू, राइट? मम्मा वॉज इन द हॉस्पिटल दॅट वीक." मग ती म्हणाली, "इफ यू वॉन्ट, आय कॅन स्टिल सेंड इट. आय थिंक शी वॉन्टेड टू."

मी तिला म्हटलं, उद्या सांगते.

खरं सांगते, तो एक दिवस मी पाठवायचाच विचार केला. माउंट कापलेला होता. तुला आता कोण काय बोलणार? केतुत तुझ्यासाठी रडली असती, माफ केलं असतं, आणि माझ्या दुकानाचं नाव शाबूत राहिलं असतं. यात कोणाचं काय जात होतं, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं आणि दर वेळी उत्तर आलं, कोणाचंच नाही. चीड आली ती नंतर. खोटं बोललीस याची नव्हे. खोट्यात तू मला शहाणं केलंस याची. झरीनाने बजावलं होतं! अकरा वर्षांत माझं एक म्हणणं तू बिनतक्रार ऐकलं नाहीस, आणि जाताना माझ्या तोंडी तुझंच वाक्य घालून गेलीस. मी हे तुझ्यासाठी केलं असतं का, असंही मनात आलं. नसतं केलं. मी माउंट कापून दिला असता.

दुसऱ्या दिवशी मिहिकाला बोलावून मी मेसेज पुसायला सांगितला. तिने माझ्यासमोर पुसला. मग तुझं नाव काढून थोडी रडली, मी तिला चहा दिला, आणि दोघींनी मिळून ते कापड माउंटमधून बाहेर काढलं.

केतुत आली ती एअरपोर्टवरून थेट दुकानात. लहानखुरी, केस घट्ट बांधलेले, बोलायला तुटक. मला आवडली. मी तिला खुर्ची दिली आणि लगेच सांगून टाकलं, माझ्या हिंदीमिश्रित इंग्रजीत, अडेल तिथे मिहिकाच्या फोनवर भाषांतर करून. अनघाने नाही, मी. तिने कापडाला नाक लावून पाहिलं. किती पाणी? मी हाताने शिंपडून दाखवलं. असं आमच्याकडे देवळात पुजारी करतो, ती म्हणाली, पण हसली नाही. डोळे ती सगळ्यात शेवटी काढते. डोळे काढायच्या सकाळी कोणाशी बोलत नाही. त्या चेहऱ्यासाठी एक अख्खी सकाळ गेली होती.

मग ती उठली आणि बाहेर फुटपाथवर जाऊन उभी राहिली, पाठ दुकानाकडे करून. उन्हात, दहा मिनिटं तरी. आत मी झाडू मारला. झाडलेलंच पुन्हा झाडलं. मिहिका म्हणाली, "मावशी, प्लीज सिट." मला बसवेना.

परत आल्यावर तिने एवढंच विचारलं, अनघाला माहीत होतं का? मी म्हटलं, हो, आणि तिला ते तुला सांगायचं होतं. हे खरंच आहे. पुसलेल्या मेसेजचं मी बोलले नाही. तो तुझा होता.

केतुतने काच लावू दिली नाही. चौकट नको म्हणाली. वर बांबूची काठी घालायची आणि कापड नुसतं लोंबतं सोडायचं, तिच्या गावी देवळाच्या वळचणीला बांधतात तसं. तिथे कापडांवर पाऊस पडतो, धुपाचा धूर बसतो, उंदीर लागतात. विटली की त्याच कथेचं नवं कापड करतात. हेही ती पुन्हा करणार आहे, रांग तीच ठेवून. मग मी विचारलं, या कोपऱ्याचं काय? तो दुरुस्त करून देशील का?

"नाही. खाली लिही, इथे पाणी पडलं. आणि कोणाकडून ते लिही."

"नाव?"

"नाव. माझं पण आहे ना?"

तेव्हा, अनघा, तुझ्या हॉलमध्ये माझं नाव पहिल्यांदा भिंतीवर लागलं. इतक्या वर्षांच्या इतक्या चौकटींसाठी लागलं नव्हतं. केतुत, कामासान, सुती कापडावर नैसर्गिक रंग. त्याखाली, डाव्या कोपऱ्यातील नुकसान: पाणी व इस्त्री, झरीना, शारजा. मिहिकाने तशी चिठ्ठी छापून आणली. मी माप घेऊन लावली, सरळ.

प्रदर्शन चार दिवस चाललं. बाकीची चित्रं तुझ्या क्रमानेच लावली, योगकर्ता दारासमोर, बांडुंग आतल्या शांत भिंतीवर, बातुआनपाशी मुलींसाठी दोन स्टुलं. सुट्टीच्या दिवशी इंडोनेशियाच्या सात-आठ बाया आल्या, इथे घरकाम करणाऱ्या. केतुतने कोणामार्फत निरोप दिला होता, मला माहीत नाही. त्या रांगेसमोर उभ्या राहिल्या, एजंटकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाल्या आणि खदाखदा हसल्या. मग डोळ्यांशी आल्या आणि हसायच्या थांबल्या. एकीने फोन काढून स्वतःचा फोटो घेतला, बिनचेहऱ्याच्या बाईशेजारी वाकून, आपलं तोंड तिच्या रिकाम्या जागेलगत आणून. तू असतीस तर याच्यावर दोन पानं लिहिली असतीस. मला एवढंच दिसलं की तिला तिथे उभं राहावंसं वाटलं.

आपल्या बायाही आल्या. रत्नागिरीकडच्या दोघी-तिघींनी चिठ्ठी वाचली आणि मला बाजूला घेतलं. एक म्हणाली, कांजीवर पाणी नाही शिंपडायचं तर काय करायचं ग, मी पण शिंपडलं असतं. शाळेच्या प्रिन्सिपलबाई मात्र चिठ्ठी वाचून तशाच परत फिरल्या, आणि त्या दिवसापासून त्यांची दोन मोठी सर्टिफिकेटं दुसऱ्या दुकानात गेली आहेत, असं कानावर आलं. जाऊ देत. आईशप्पथ, मला वाटलं होतं तेवढं लागलं नाही.

काही लोक चिठ्ठी वाचत नाहीत, सरळ विचारतात. चार दिवसांत बऱ्याच जणांनी त्या कोपऱ्यावर बोट ठेवून विचारलं, हे कोणी केलं? मी प्रत्येक वेळी उठून जवळ गेले आणि म्हटलं, मी. पहिल्या दोन वेळा घड्यांची आणि हर्णैच्या कांजीची सबब जोडली. नंतर नुसतं सांगितलं, वेळ विचारल्यावर सांगतात तसं.

तू तिथे असतीस तर हे झालं नसतं. पहिल्याने विचारल्याबरोबर तू पुढे येऊन म्हणाली असतीस की माझ्याकडून पाणी सांडलं, आणि त्याला चित्राकडे वळवून डोळ्यांची गोष्ट सांगायला लागली असतीस. मी तिथेच उभी असते, हातात टेप घेऊन. आणि मी तुला म्हणू दिलं असतं.